मिठाची विचारपूस

बाबांना फसवणारी ती बाई मराठी फार चांगलं लिहायची. मी हे चिडून लिहितेय, पण खरं ते खरं.

आई गेल्यावर बाबांना नागपूरहून मी इकडे आयर्लंडात, कॉर्कला आणलं. मी रिंगास्किडीच्या औषधांच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करते. घरी येते तेव्हा तोंड उघडायचंही त्राण नसतं. माझ्या मुलीला आजोबांचं मराठी कळतं, पण ती उत्तर देते इंग्रजीत, तेही आयरिश हेल काढून. बाबा दोन वाक्यांत हरतात आणि फोन घेऊन खिडकीपाशी बसतात. त्या फोनवरच ती बाई त्यांना भेटली. मूळची अमरावतीची, विधवा, इंग्लंडात नर्स, असं तिचं म्हणणं.

मोबाइलवरून एफडी कशी मोडायची, एवढंच बाबांनी मला विचारलं. एक त्यांनी स्वतःच मोडली होती, दुसरी मोडत नव्हती. ती दुसरी म्हणजे नागपूरला परत जाऊन कुणाच्या मिंधेपणाशिवाय राहण्याची त्यांची सगळी सोय. मी फोन मागितला आणि त्यांच्या शेजारी बसून सुरुवातीपासून वाचत गेले.

पहिले कित्येक महिने पैशांचं नावही नव्हतं. ‘मला तुमच्याकडून काही नको, दोन शब्द बोलत जा.’ रोज दुपारी ‘जेवलात का?’ बाबांनी एकदा लिहिलं होतं, बीपीपायी लेक भाजीत मीठच टाकत नाही. दुसऱ्या दिवशी हिचा प्रश्न, ‘आज तरी होतं का हो मीठ?’ गुडघा, आईचं आजारपण, नागपूरच्या घराची गळकी गच्ची, बाबांनी जे जे सांगितलं ते ती लक्षात ठेवून त्यांनाच परत विचारायची. बघता बघता ‘तुमची गच्ची’ची ‘आपली गच्ची’ झाली. मग आलं, ‘मुलीला यातलं काही सांगू नका, ती बिचारी आधीच दमलेली असते.’

त्या ओळीवर मला रडूच आलं. मी दमते हे या घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं, आणि बोललं कोण, तर ही भामटी.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. कस्टममध्ये अडकलेलं पार्सल, ते सोडवायला पैसे, ‘तुम्हाला सांगणारच नव्हते’, ‘नाही म्हणालात तरी राग नाही’. इतकं झाल्यावर नाही कोण म्हणेल? मीही म्हटलं नसतं.

पोलीस ठाण्यातला माणूस भला होता. आमच्या प्रत्येक वाक्यावर तो इथल्या सवयीने ‘ग्रँड’ म्हणत होता. त्यात ग्रँड काय होतं कोण जाणे. गेलेले पैसे मिळणं कठीण, दुसरी एफडी वाचली हे नशीब समजा, असं त्याने सांगितलं. परतताना बसमध्ये मी बाबांना बजावलं, अनोळखी माणूस फार गोड बोलायला लागला की थांबायचं, आणि याला काय पाहिजे हे आधी स्वतःला विचारायचं. ते ऐकत होते.

“मले शंका आली होती बाई,” ते म्हणाले. “पण रोज विचारत तर होती ना.”

मी उतरायचं बटण दाबलं.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी मी वांग्याची भाजी केली, मसाला भाजून, त्यांना आवडते तशी. मीठही जरा सढळ हाताने घातलं. एक दिवस बीपी गेलं खड्ड्यात. मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. मी माझा फोन आत ठेवला आणि बाबांच्या समोर बसले. असं नुसतं बसायची सवय नसल्याने मला अवघडायला झालं होतं.

“बाबा, आज मीठ बरोबर आहे का हो?”

त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी थांबून माझ्याकडे नीट पाहिलं, मी बसमध्ये शिकवलं होतं अगदी तसं. मग हळूच म्हणाले, “किती पाठवू, बाई?”