जयवंतीचा आंबा

एकनाथभाऊंनी मागच्या दारचा आंबा तोडायला काढला, तेव्हा मी कुंपणावरून ओरडले, "भाऊ, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? ऐन मार्गशीर्षात, मोहोर यायच्या वेळी?"

"भिरूड लागलाय, वहिनी. आतून पोखरलाय पार," असं म्हणून ते दोर बांधायला वर चढले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एरवी माझी एक तरी टिंगल केल्याशिवाय हा माणूस पुढे जायचा नाही.

कळंबच्या रस्त्याला आमची घरं लागून आहेत. त्यांची वाडी म्हणजे थोडी केळी, थोडे नारळ. पोट भरायचं ते कुऱ्हाडीवर. वाऱ्यात पडलेलं झाड हलवायचं असो, लग्नाच्या जेवणाला सरपण हवं असो की स्टॅनीच्या बेकरीची भट्टी असो, बोलावणं एकनाथभाऊंनाच. हल्ली झाड कापायला मशीन आणतात, पण फोडायचं काम ते हातानेच करत. ओंडका उभा करायचे आणि मुलगी बघायला आल्यासारखे त्याच्याभोवती एक फेरी मारायचे. बारीक चीर दिसली की तिथे पाचर टेकवून वरून घण. चिंचेचा ओंडका असला तर त्याच्याशी बोलायचे, लाडीगोडी लावायचे, शेवटी शिव्या द्यायचे. मग आतून जयवंती ओरडायची, "अवो, माझ्याशी पन कधी इतकं बोलत जा!"

ती जयवंती आता अंथरुणाला खिळली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरी न्या, खायला हवं ते द्या. याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

आमच्याकडे जुन्या घरांतून अशी रीत आहे, की माणूस गेलं की त्याच्याच वाडीतला एक आंबा तोडायचा आणि त्याच लाकडावर त्याला न्यायचं. रीत म्हणून चांगली वाटते. पण सकाळी तोडलेलं झाड दुपारी कसं जळणार? भाऊंचे वडील गेले तेव्हा मी नवीन लग्न होऊन आले होते. पुरुष मंडळी दिवेलागण झाली तरी परतली नाहीत. नुसता धूर. कोणी रॉकेल ओतलं, कोणी सायकलचं टायर आणून टाकलं. भाऊ घरी आले आणि पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले. दोन दिवस जेवले नाहीत.

तर तो आंबा पडला. जयवंती लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच्या आंबट कैऱ्यांचं लोणचं घालायची आणि अर्ध्या गावाला वाटायची. माझ्या घरात कधी लोणचं विकत आलं नाही ते तिच्यामुळे. बुंध्याचे ओंडके नारळाच्या गोल सोटांवरून ढकलत भाऊंनी एकट्याने अंगणात आणले. मुलगा उमंग गोखिवऱ्याहून आला होता. तो म्हणाला, "पप्पा, माणसं लावू या ना." भाऊंनी त्याला हात लावू दिला नाही. पुढे कितीतरी दिवस घणाचे आवाज येत होते, आणि या वेळी लाकडाशी बोलणं नव्हतं.

फोडी त्यांनी घराच्या पश्चिमेच्या भिंतीशी रचल्या. साल वर, मधे वारा खेळेल अशी फट सोडून. मी सहज जवळ गेले. फोडी स्वच्छ, पिवळसर, चिकाचा वास येणाऱ्या. भिरुडाचं एक भोक नाही. तेव्हा मला कळलं, आणि असा संताप आला की तिथलीच एखादी फोड उचलून त्यांच्या पाठीत घालावी. बायको जिवंत आहे, दोन घास पेज खाते आहे, आणि हा माणूस तिचं सरण वाळत घालतो!

त्याहून वाईट मला आत गेल्यावर दिसलं. समुद्राचा वारा लागतो ती जागा म्हणजे बरोब्बर जयवंतीच्या खिडकीखाली. भाऊंना लाकडाचं सगळं कळत होतं, खिडकीचं कळलं नाही.

ती उशाला टेकून बाहेरच बघत होती. म्हणाली, "लतिका, कुठं भिरूड दिसतो का गं तुला?"

"मला काय कळतं लाकडातलं," मी म्हटलं.

"मला कळतं की. आख्खा जन्म सरपनातच गेला ना माझा."

त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलेनाशी झाली. ते पेज भरवायला बसले की तोंड फिरवायची. सून शनिवार-रविवारी यायची, तिच्या हातून मात्र खायची. भाऊ उन्हात फोडी उलटत राहायचे आणि खिडकीकडे चुकूनही बघायचे नाहीत. मधल्या मधे मी. दोघांवरही चिडायचे आणि घरी येऊन रडायचे.

शिमगा झाला. एका संध्याकाळी मी तिचे केस विंचरत होते. भाऊ औषध घेऊन आले, तशी इतक्या दिवसांनी तिने त्यांना हाक मारली.

"अवो, वाळली का?"

"काय?"

"माझी लाकडं."

भाऊंनी चमचा खिडकीत ठेवला. ते तिथेच खाली बसले. एवढा घण उचलणारा माणूस, पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. "बाबांचं बघितलंय गं मी. तुझ्या अंगावर कोन रॉकेल ओतेल, टायर टाकेल, ते मला बघवनार नाय. नायच बघवनार."

"आनि मी रोज काय बघते?" जयवंती म्हणाली. "सकाळी डोळा उघडला की समोर सरन. सगळ्यांना ठाऊक हाय मी जानार ते. पन तुम्ही तरी म्हनायचं होतं ना, की नाय जानार."

मला उठून जावंसं वाटत होतं, पण तिचे केस माझ्या हातात होते.

भाऊ उठले. फोडी उचलून दुसरीकडे टाकतो म्हणाले. तिने मान हलवली. "आता र्‍हाऊ दे. त्यातल्या दोन आना आनि इथं समोर चूल मांडा. पानी तापवा मला आंघोळीला. मला पन बघू दे, कसं जळतं माझं झाड."

त्यांनी खिडकीसमोर तीन दगड मांडले. लाकूड एका काडीत पेटलं. जयवंती बराच वेळ जाळाकडे बघत होती. "चांगलं जळतंय हो," एवढंच म्हणाली. मग भाऊंनी स्वतः तिला गरम पाण्याने आंघोळ घातली, पाठ चोळून दिली. त्यानंतर रोज दोन फोडी तिच्या पाण्याला जायच्या आणि ती त्यांच्या हातची पेज खायची.

वैशाखात ती गेली, पहाटे.

बायकांनी स्मशानात जायचं नसतं असं दोघा-तिघांनी मला सांगितलं, मी ऐकलं नाही. सरण भाऊंनी स्वतः रचलं, कोणाला बोट लावू दिलं नाही. उमंगने अग्नी दिला आणि ते लाकूड असं धडाडून पेटलं की माणसं मागे सरली. धूर म्हणून नाही. शेजारचा प्लासिड आला होता, तो हळूच म्हणाला, "काय सुकं लाकूड हाय." ऊन कलायच्या आत सगळं आटोपत आलं. लोक चपला शोधू लागले.

भाऊ मात्र निखाऱ्यांसमोर बसून होते. मी जवळ गेले. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "चला भाऊ. तुमच्या मनासारखं झालं. जरासुद्धा त्रास झाला नाही तिला."

त्यांनी बाहेर पडलेला एक निखारा काठीने आत सारला.

"ओलं ठेवायला पायजे होतं, वहिनी," ते म्हणाले. "जरा तरी उशिरा गेली असती."