रुखवतातलं मिठाईचं दुकान

नाही वं पोरी, ते बाजारातून आणलेलं थर्माकोलचं देऊळ मी रुखवतात धरत नाही. रुखवत करायची आपल्या मागच्या गल्लीतली कौशल्याबाई. आता लिहायलेच बसली तं मी बोलते तसंच लिही, उगी सुधरवत बसू नोको.

सुतारीन होती ती. नवरा झाडावरून पडला तवापासून खाटेवर. घरी वावर नाही, अक्षर वळखत नाही, पण हात असा की सुपारीले धोतर नेसवून भटजी करायची अन् तो भटजी खरंच दक्षिणेसाठी रुसलेला दिसायचा! बाया इचारत, "कौशल्याबाई, तुले हे सुचते कुठून वं?"

ती म्हणे, "मले काय सुचते? मी नुसतं पाह्यते."

अन् पाहे तं कशी! लग्नाले गेली की नवरीच्या आंधी रुखवताचं टेबल गाठायची. लोकं पंगतीत बसलेले, अन् हे बाई टेबलाखाली वाकून पाहे, मोराले पाय कशानं चिकटवले म्हणून. बारशाले गेली तं पाळण्याची झालर ध्यानात ठेवून यायची. एकदा कोणाच्या तेरवीले गेली अन् फोटोवरच्या हाराची गुंफण शिकून आली. सासू लय बोलली तिले त्या दिवशी.

दुसरं तिचं ठिकाण म्हणजे सुलतानपूरच्या फाट्यावरचं वाहेदभाईचं रद्दीचं दुकान. वाहेदभाई रंगीत चित्राचे मासिकं, लेकरायचे पुस्तकं तिच्यासाठी एका खोक्यात बाजूले टाके. ती पोत्यावर बसून एकेक पान उलटे. वाहेदभाई म्हणे, "बाई, पुस्तक उलटं धरलं तुम्ही."

ती म्हणे, "भाऊ, उलट्यातच हा फुलाचा येल बरा दिसून राह्यला."

ते बीटी कपाशीचे सुरुवातीचे वर्षं होते. बी महाग, फवारे महाग, पाऊस दगा देई, मंग दुबार पेरणी. लग्नं काही थांबत नाही पण. आंधी रुखवतात पितळीचे हंडे, स्टीलचे पंचपाळे राहत. ते घेणं जमेना, तं पोरीचे बाप कौशल्याबाईच्या दारी येत. म्हणत, "भांडे कमी आहेत, पण टेबल भरलेलं दिसू द्या." टेबल भरणं तिच्या हातावर आलं.

तसाच पूनमचा बाप आला. पूनम म्हणजे तिच्या शेजारची, अंगाखांद्यावर खेळलेली पोरगी. हिवरा आश्रमच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. वैशाखातलं लग्न. कौशल्याबाईनं ठरवलं, आपल्या पूनमचं रुखवत असं करीन की व्याही पाह्यतच राहीन.

वाहेदभाईच्या खोक्यात तिले एक लेकरायचं पुस्तक सापडलं. बाहेरदेशचं असन. त्यात एक मिठाईचं दुकान, काचेच्या बरण्या, बरण्यात लालभडक गोळ्या, अन् एका बरणीतून गोळ्या सांडून खाली ढीग झालेला. ते चित्र तिच्या डोक्यात बसलं. बुटाच्या खोक्याचं दुकान केलं, बाटल्याच्या बुचायच्या बरण्या केल्या. पण गोळ्या कशाच्या?

आता हे नीट लिही. बीटीच्या थैलीसंग तवा एक बारकी पुडी यायची, साध्या सरकीची. कंपनी सांगे, ही वावराच्या कडेकडेनं पेरा, अळी तिकडे जाईन. कोण पेरते? लोकं म्हणत, "अळीले पाव्हणचार करायले माह्यापाशी वावर कुठी आहे?" मंग त्या पुड्या घरोघरी वळचणीले खोचलेल्या. अन् त्यातली सरकी लाल रंगाची. साखरफुटाण्यावानी.

कौशल्याबाईले सरकी म्हणजे ढोराचं खाणं, एवढंच ठाऊक. पह्यले सरकीले शेणमातीत घोळून वावरात टोचत. ही लाल कशी, तं कंपनीची हौस असन, असं तिले वाटलं. चार घरून पुड्या मागून आणल्या. बुचात डिंकानं दाणे चिकटवले. समोरच्या पितळी वाटीत मात्र मोकळाच ढीग ठेवला, चित्रावानी. अन् पुस्तकात कशा त्या गोळ्या चमकून राह्यल्या होत्या! मंग तिनं काय करावं? वाटीतले दाणे साखरेच्या पाकातून काढले. वाळल्यावर असे चमकले की तिचं तिलेच कवतिक वाटलं.

लग्न झालं. दुकान पाहाले बायायची ही गर्दी. संध्याकाळी वरात निघाली, रुखवत टेम्पोत चढलं, त्याच टेम्पोत नवरदेवाकडचे लेकरंही बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौशल्याबाई आंगण झाडाले निघाली तं तिच्या दोन कोंबड्या भिताडापाशी पडल्या होत्या. पाय ताठ. रोग आला असन म्हणून तिनं एक उचलली, तं चोच लाल. बाजूले सूप पडलं होतं, पाक लावलेले उरलेसुरले दाणे त्यातच राहून गेले होते. आता सूप साफ.

तिच्या हातातून कोंबडी पडली. उकिरड्यातून एक पुडी शोधली अन् चप्पल न घालता फाट्यावर गेली. वाहेदभाई दुकान उघडून राह्यले होते.

"भाऊ, हे वाचा."

"बाई, सकाळी सकाळी..."

"वाचा म्हणते नं!"

वाहेदभाईनं चष्मा लावला. वाचलं, मंग तिच्याकडे पाह्यलं. "लिहिलं आहे की बियाले विषारी औषध लावलं आहे. माणसाच्या, जनावराच्या खाण्यात घेऊ नये. काऊन? कोणी खाल्लं का?"

डोळ्यासमोर ती पितळी वाटी, वरून चमचम. रुखवतातल्या लाडू-करंज्यावर तं लेकरं हात मारतेतच, ते रीतच आहे. अन् हिनं विषाले पाक लावून ठेवलेला.

वाहेदभाई म्हणे, "पूनमच्या बापाले सांगा. तिकडे निरोप धाडतील."

"नोका सांगू भाऊ. तुम्हाले सफाची आण." सफा म्हणजे त्यायची पोरगी. "मी जाते. गुपचूप वाटी काढून आणते. पोरीचा सासरी पह्यला दिवस आहे, तिनं घरात इख आणलं म्हणतील. जलमभर म्हणतील."

"अन् तुम्ही जायच्या आंधी कोणी खाल्लं तं?"

तिनं पुडी कमरेले खोचली. समोरून मेहकरची एसटी आली, तिच्यात चढली.

माय, तो रस्ता! तिनंच मंग मले सारं सांगितलं. गाडीत एक लेकरू समोरच्या सीटवर गोळी चोखून राह्यलं होतं, तं तिनं दुसरीकडे तोंड केलं. मेहकरले उतरली तं काळीपिवळी जीप उभी, पण डायवर म्हणे, "दोन सीट बाकी आहेत, बसा."

"बापा, चाल नं लवकर."

"आजीबाई, लगीन लागून राह्यलं का तुमचं? भरल्याबगर गाडी हालत नाही."

लोकं हासले. ती पदर तोंडात धरून बसली. मनात एकच. वाटी भरलेली असू दे. तू नुसती वाटी भरलेली ठेव देवा.

पूनमच्या सासरी पोचली तं मांडवात सत्यनारायण चालू. पूनम अन् गोकुळ, तिचा नवरदेव, पाटावर बसलेले. आंगणात लेकरं पळून राह्यले होते. कौशल्याबाईनं दारातूनच एकेकाचं तोंड पाह्यलं. पळतेत म्हणजे बरे आहेत. पण सारे इथीच आहेत का?

पूनमची सासू मनकर्णाबाई पुढी आली. आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची बाई. "अगं बाई! मूळ धाडायच्या आंधीच पाव्हण्या हजर? काय वं कौशल्याबाई, वरण पातळ पडलं होतं का काल, की इकडे जेवाले आल्या?"

बाया खो खो हासल्या. कौशल्याबाईही हासली. कशी हासली तिलेच माहीत. म्हणे, "दुकानाचं एक बूच निघालं होतं, घाईत तसंच राह्यलं. मन लागेना. चिकटवून जाते."

"पाह्य गोकुळ, अशी पाह्यजे माणसाले कामाची लाज! जा, आतल्या खोलीत मांडलं आहे."

आतल्या खोलीत रुखवत मांडलेलं. दुकान जसंच्या तसं. बूच एकही निघालं नव्हतं.

वाटी रिकामी होती. चाटून पुसून.

तिनं वाटी उचलली, टेबलाखाली पाह्यलं, चादर झटकली. एक दाणा नाही. मागं दोन बाया उभ्या होत्या, त्यातली एक म्हणे, "ते काय आता राहते? काल टेम्पोतच लेकरायनं हात मारला असन. गोड असन नं वं?"

कौशल्याबाई वाटी घेऊन मांडवात आली. भटजीची कथा चालू. चाळीस बाया बसलेल्या. पूनमनं मान वर केली, आपल्या कौशल्यामावशीले पाह्यलं अन् इतकी खुशीनं हासली! हातात हिरवा चुडा, गळ्यात नवं मंगळसूत्र. आता तोंड उघडलं तं ह्या पोरीचं काय होईन? त्या वर्षी कर्जापायी लोकं फवाऱ्याचं औषध पिऊन मरत, त्याचं नुसतं नाव काढलं तरी बाया कानाले हात लावत, अन् हिच्या रुखवतातून ते घरात आलं म्हणावं? वाटीचा काठ बोटात रुतून राह्यला होता.

मंग ती वरडली. "कथा थांबवा! ह्या वाटीत विषाचं बी होतं! लेकरं आणा सारे, एकेक करून आणा!"

पूनमचं हासू तसंच राहून गेलं. मनकर्णाबाईनं एकच इचारलं, "काय होतं?"

"बीटीच्या पुडीतली सरकी. मले ठाऊक नव्हतं. मीच पाक लावला."

मनकर्णाबाईच्या तोंडावरून रंग उतरला. जलमभर कपाशीत राबलेली बाई, तिले फोडून सांगायची गरज नव्हती. बाया उठल्या, ज्याची ती आपलं लेकरू धरून तोंड उघडून पाहू लागली. सारे सापडले. गोकुळची पुतणी मंजुळा अन् तिचा दोन वर्षांचा भाऊ तेवढे नव्हते.

घरामागं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडायची, गंजी लावली होती. तिच्या सावलीत मंजुळा भातुकली मांडून बसली होती. पानाच्या ताटल्या, बाहुलीचं लग्न, अन् प्रत्येक ताटलीत चार चार लाल दाणे.

कौशल्याबाई गुडघ्यावर बसली. "माय, हे खाल्लं का तुनं?"

मंजुळा घाबरली. "एक चाटला. गोड होता. मंग कडू लागला, थुकला."

"अन् ह्यानं?"

बारकं पंगतीच्या टोकाले बसलं होतं. हनुवटी लाल, बंडीवर लाल लाळ. मंजुळा म्हणे, "तो वऱ्हाडी होता नं. तो जेवला."

मनकर्णाबाईनं नातवाले उचललं अन् तशीच रस्त्याकडे पळाली. गोकुळ पाटावरून उठला, मुंडावळ्या तोडून फेकल्या. तीच काळीपिवळी अजून गावात उभी होती. या बारीनं डायवरनं सीट मोजले नाही. रस्त्यात लेकराची मान लटकू लागली, डोळे वर जाऊ लागले. मनकर्णाबाई त्याले गदगदा हालवे अन् म्हणे, "निजू नोको बे राजा, निजू नोको." कौशल्याबाई खाली, सर्वायच्या पायात बसली होती. तिले वर पाहाची हिंमत होईना. वरचा आवाज थांबला तं आपण गाडीतून उडी टाकू, एवढंच तिच्या मनात.

मेहकरच्या दवाखान्यात डॉक्टरनं तिच्या हातची पुडी वाचली अन् लेकराले आत नेलं. मंजुळालेही नेलं. दुपार सरली. वट्यावर मनकर्णाबाई एका टोकाले, ती दुसऱ्या टोकाले. आतून लेकराचं रडणं आलं की दोघीही उठत, थांबलं की दोघीही उठत.

उन्हं कलली तवा नर्स भाईर आली. म्हणे, "पाणी मागून राह्यला. आज इथीच राहू द्या, पण निभावलं. पुडी आणली म्हणून लवकर उमगलं."

मनकर्णाबाईनं भिंतीले डोकं टेकलं. मंग म्हणे, "तुम्ही गुपचूप वाटी घ्याले आल्या होत्या. बूच निघालं म्हणे."

"हाव."

"तसंच निघून गेल्या असत्या तं?"

कौशल्याबाई म्हणे, "वाटी भरलेली असती तं गेली असती."

खरं बोलली ती. मनकर्णाबाईनं तिच्याकडे पाह्यलं. म्हणे, "पूनमले मी शब्द बोलणार नाही, कोणाले बोलूही देणार नाही. तिचा काय गुन्हा? ते दुकान खड्डा करून पुरते. पण तुम्ही माह्या दारात पुन्हा येऊ नोका."

तिनं शब्द पाळला. पूनम सुखानं नांदून राह्यली, दोन लेकरं आहेत तिले. कौशल्याबाई मात्र पूनमच्या लेकराच्या बारशालेही गेली नाही, अन् पाळण्याची झालर पाहाची तिची लय इच्छा होती. रुखवतं तिनं पुढीही केले, पोट होतं नं. पण टेबलावर ठेवायचं ते आंधी आपल्या जिभेले लावे. डिंक लावे, रंग लावे, मोती लावे. लोकं हासत. मरेपर्यंत तसंच केलं तिनं.

हे आजच काऊन लिहाले लावलं, ऐक. काल मोताळ्याकडच्या रोहिणखेडहून पाव्हणे आले होते. ते सांगे, तिथल्या कलाबाईची सून आता लय सुंदर रुखवत करते, पुस्तकातले चित्रं पाहून. अन् सध्या घरोघरी बियाच्या बारक्या पुड्या मागत फिरते, रंगीत आहेत म्हणून. त्यायच्यापाशी तिचा फोन नंबर नाही, अन् माह्यानं एसटीत चढवत नाही. तं बापा, हे वाचणारा जो कोणी असन, मोताळ्याकडे तुमचं जाणं होत असन, नाही तं तिकडचं कोणी वळखीचं असन, कलाबाईच्या सुनेले एवढं सांगजा की त्या पुड्या फोडू नोको. फोडल्या असन तं हात धू, अन् आंधी लेकरायचे तोंडं पाह्य.