बाण नसलेली नळी

फिलिपिन्सच्या पॅसिफिककडच्या किनाऱ्यावर एका गावात शाळा बांधायची होती, तीही समुद्राला लागून असलेल्या सखल जागेत. मुख्याध्यापिकाबाईंना ती जागा नको होती. "तोंडी नको, कागद द्या," असं त्यांनी आम्हाला बजावलं होतं. तिथे पूर्वी कधी त्सुनामी येऊन गेली का, हे जमिनीतला गाळ सांगतो. म्हणून आम्ही गाळ तपासणारे संशोधक सिंगापूरहून गेलो, तीन नळ्या जमिनीत ठोकल्या आणि गाळासकट उपसल्या.

नियम एकच. नळी बाहेर काढायच्या आधी तिच्यावर मार्करने वरच्या दिशेचा बाण काढायचा. तिसरी नळी माझ्याकडे होती आणि मी बाण काढला नाही. का? तर मी गावकऱ्यांना या जागेविरुद्धची पत्रकं वाटत होते. कॉलेजपासूनची खोड, अन्याय दिसला की आधी पत्रक.

सिंगापूरच्या लॅबमध्ये नळी उभी चिरली. चिखलात वीतभर समुद्री वाळू, शिंपल्यांच्या चुऱ्यासकट! मी टाळीच वाजवली. आमचे सर पुण्याचे. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "वरचं टोक कुठलं?"

मी नळीची दोन्ही टोकं पुन्हा न्याहाळली.

"अगं, वरचं कुठलं?"

"बहुतेक हे, सर."

"बहुतेक? पत्रकात लिहितेस का कधी 'बहुतेक'?"

वाळू एका टोकाजवळ होती. ते वरचं असेल तर अलीकडच्या वादळाने टाकलेली, खालचं असेल तर जुन्या त्सुनामीची. प्रवासात हिंदकळून थरांच्या कडाही मोडल्या होत्या, त्यावरूनही वरचं टोक ठरेना. बाकी दोन नळ्यांत नुसता चिखल. पुन्हा जावं तर जागेला कुंपण पडलेलं, कंत्राटदार आत सोडेना. निदान संशय आहे एवढं तरी लिहा, म्हणून मी सरांशी भांडले. "संशयावर मी सही करत नाही," ते म्हणाले. ते बरोबर होते, आणि हे मला आजही सहन होत नाही.

बाईंना द्यायचं पत्र मीच टाइप केलं: नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

आठवड्याने सिंगापुरात पासिर रिस स्टेशनवर मेट्रोतून उतरले, तेवढ्यात बाईंचा फोन आला.

"शाळेच्या जागेच्या बैठकीत तुमचं पत्र वाचलं. अधिकारी म्हणाले, सिंगापूरच्या शास्त्रज्ञांना काहीच सापडलं नाही."

"मॅडम, तसं नाही लिहिलेलं!"

"मग कसं? मला कळेल असं सांग."

मी सांगितलं. मार्कर, बाण, सगळं. चूक माझी, हेही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पायाचे खड्डे झालेत. सोमवारी काँक्रीट. दुसरा एखादा कागद आहे का तुझ्याकडे?"

नव्हता.