एकच नाव, सहा नंबर

सेवेतली ती एक घटना अजून माझ्या मनातून हलत नाही. तिच्यात चाकू नव्हता, पिस्तूल नव्हतं, कोणी पळूनही गेलं नव्हतं. होतं ते एक जाडजूड रजिस्टर आणि त्यातल्या सहा नोंदी. यातल्या कोणाचंही नाव मी इथे देणार नाही. माणसं सरळ होती, आणि त्यांना अजून त्याच वस्तीत राहायचं आहे.

मी तेव्हा पश्चिम उपनगरातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. चारकोपचे काही सेक्टर आमच्या हद्दीत येत. एका सकाळी टपालात अंधेरीच्या ठाण्यातून आमच्याकडे वर्ग केलेला एक अर्ज आला. अर्जदार होती वेबसाइट बनवणारी एक कंपनी. त्यांनी एका मुलीला नोकरीसाठी निवडलं होतं. तिने चारकोपमधल्या एका क्लासचं वेब डेव्हलपरचं प्रमाणपत्र जोडलं होतं. कंपनीने क्लासच्या साइटवर त्या प्रमाणपत्राचा नंबर टाकून पाहिला, तर तिथे भलत्याच बाईचं नाव आलं. कागदावर एक नाव आणि नोंदीत दुसरं. त्यांनी सरळ बनावट दस्तऐवज म्हणून तक्रार केली होती.

मी अर्जाची डायरीत नोंद करून चौकशी स्वतःकडे ठेवली. दुसऱ्याच दिवशी एक फोन आला. फोन करणारा त्याच भागात क्लास चालवत होता.

"साहेब, एक नंबर धरून बसू नका," तो म्हणाला. "सहा नंबर आहेत. सहाही नंबरांवर एकाच बाईचं नाव निघतं. खऱ्या सर्टिफिकेटचे नंबर पोरांना वाटतायत ते लोक."

त्याने सहाही नंबर सांगितले. मी आमच्या महिला हवालदारांना संगणकावर तपासायला लावले. प्रत्येक वेळी तेच नाव. खबर खरी होती. मात्र खबर देणारा जे बघतो आणि त्यावरून जे समजतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. बघितलेलं बहुतेक वेळा खरं निघतं. समजलेलं तपासावं लागतं.

प्रथम त्या मुलीला बोलावलं. ती वडिलांबरोबर आली. मूळची कोकणातली माणसं, आजोबा गिरणीत होते, वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. बाप खुर्चीच्या टोकावर बसला होता.

"सायबांनू, माजा चेडू खोटा बोलूचा नाय," तो म्हणाला.

"बाबा, तुम्ही थांबा ना," मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "सर, मी पूर्ण वर्ष केलंय तिथे. परीक्षा दिली, प्रोजेक्ट दिला. कागद सरांनी स्वतः हातात दिला. साइटवर दुसरं नाव का येतं ते मला खरंच माहीत नाही."

मी विचारलं, "तुला येतं काय काय?"

ती हवालदारांच्या टेबलावरच्या संगणकाकडे बोट करून म्हणाली, "बसू का?"

ठाण्यात हरवलेल्या मोबाइलच्या तक्रारींचा ढीग होता आणि त्यातली एक शोधायला अर्धा तास जायचा. तिने खोट्या नावांच्या चार नोंदी घेऊन एक पान तयार केलं. वर चौकोनात नंबर टाकला की खाली तक्रार दिसायची. चहा येईपर्यंत तिचं झालं होतं. हवालदार मला हळूच म्हणाल्या, "साहेब, हिला खोट्या कागदाची गरज काय?"

प्रश्न बरोबर होता. पण येणं वेगळं आणि कागद खरा असणं वेगळं. कंपनीने तिला रुजू व्हायला पंधरवड्याची मुदत दिली होती. त्यात खुलासा झाला नाही तर नोकरी जाणार होतीच, शिवाय पडताळणी करणाऱ्या एजन्सीकडे तिच्या नावापुढे बनावट असा शेरा कायमचा बसणार होता. बावीस-तेविसाव्या वर्षी असा शेरा म्हणजे पुढची सगळी दारं बंद.

मग क्लासच्या सरांना बोलावलं. तंत्रनिकेतनातून लवकर निवृत्ती घेतलेले शिक्षक, सत्तरीच्या आसपासचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी प्रश्न विचारण्याआधीच ते म्हणाले, "साहेब, जे काही आहे ते माझ्या हातून झालंय. मुलीचा काही दोष नाही."

"काय झालंय तुमच्या हातून?"

"नोंदी चुकल्या."

"सहा वेळा? एकच नाव?"

"हो."

"ही बाई कोण?"

"जुनी विद्यार्थिनी. अगदी पहिल्या बॅचची."

"मग तिचं नाव या वर्षीच्या नंबरांवर कसं आलं?"

मी तोच प्रश्न चार बाजूंनी विचारला. प्रत्येक वेळी एकच उत्तर: मीच लिहिलं, का ते आठवत नाही.

पस्तीस वर्षांत खोटं बोलणारी पुष्कळ माणसं माझ्यासमोर बसली. सगळ्यांची धडपड प्रकरणातून बाहेर पडण्याची असते. हा माणूस आत शिरायला बघत होता. मी कोरा कागद पुढे केला आणि ते सहा नंबर व नावं लिहायला सांगितली. त्यांनी लिहिली. अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं. मी तो कागद फाइलला लावला आणि म्हणालो, "उद्या सकाळी क्लासवर येतो. रजिस्टर बघायचंय."

त्यांचा चेहरा उतरला. "घरी कशाला साहेब? मी रजिस्टर इथे आणून देतो."

मी नको म्हणालो.

क्लास म्हणजे त्यांच्या बैठ्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. आठ संगणक, भिंतीवर प्रत्येक बॅचचा फोटो. दोन पंच आणि हवालदार घेऊन मी गेलो. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. क्लासमध्ये सगळे त्यांना बाई म्हणत. प्रवेश, हजेरी, परीक्षेचे गुण, प्रमाणपत्राचे नंबर हे सगळं पहिल्या दिवसापासून बाईच रजिस्टरमध्ये लिहीत आणि मग संगणकात भरत. प्रमाणपत्राचा कागद मात्र सर स्वतः छापून त्यावर सही करत. म्हणजे कागद सरांचा आणि नोंद बाईंची. सर हे ठाण्यात बोलले नव्हते.

बाईंनी आमच्या हवालदारांना बघून प्रेमाने विचारलं, "तू कुठल्या बॅचची गं?"

"मी पोलीस आहे बाई."

"बरं बरं. चहा घेशील ना?"

चहा आला. थोड्या वेळाने पुन्हा चहा आला, आणि पुन्हा तोच प्रश्न, "तू कुठल्या बॅचची गं?" आमच्या हवालदार ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातल्या, बोलायला एकदम फटकळ. पण तिसऱ्यांदा त्यांनी बाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा, कुठली वाटते?" बाई खूश झाल्या. माझ्याजवळ येऊन हवालदार खालच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, माझ्या सासूचं असंच सुरू झालं होतं."

मी रजिस्टर उघडलं. अक्षर ठसठशीत, गोल. सरांच्या अक्षराशी त्याचा काही संबंध नव्हता. मागच्या दोन वर्षांच्या पानांवर प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीची बारीक खूण होती, आणि काही ठिकाणी चुकलेलं नाव खोडून वर कललेल्या अक्षरात बरोबर नाव लिहिलेलं. नंतर सलग काही पानं अशी होती की त्यांवर एकही खूण नाही. आमच्या सहाही नोंदी त्याच पानांत सापडल्या. त्यापुढे खुणा परत सुरू.

मी सरांना अंगणात घेऊन गेलो. "या पानांच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

ते तुळशीच्या कुंडीतली वाळलेली पानं खुडू लागले. "डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. दोन महिने बारीक अक्षर दिसत नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपासून बाई विसरत चालल्या होत्या. डॉक्टरांनी आजाराचं नावही सांगितलं होतं, ते सरांनी बाईंना सांगितलं नव्हतं. सकाळी उठून साडी नीट नेसून त्या रजिस्टर घेऊन बसत, म्हणून सरांनी ते त्यांच्याकडून काढून घेतलं नाही. त्या लिहून उठल्या की मागून सर तपासत आणि दुरुस्त करत, संगणकातही. ऑपरेशननंतर तपासणं राहिलं, आणि बाईंनी लिहिलं तसंच संगणकात राहिलं.

"चुकलेलं मला नंतर दिसलंच नाही," ते म्हणाले. "साहेब, गुन्हा माझ्यावर घाला. क्लास बंद करतो. पण कागदावर तिचं नाव येऊ देऊ नका. तिला कळलं तर ती पुन्हा पेन हातात धरणार नाही."

मी म्हणालो, "सर, तुमची कबुली घेतली तर नोंद मुद्दाम खोटी केली असा अर्थ होतो. मग तुमच्या सहीचा कागदही खोटा, आणि मुलीचं नाव सुटत नाही."

त्यांना हे सुचलंच नव्हतं. एकाला वाचवायच्या घाईत माणूस दुसऱ्याला कुठे ढकलतो ते त्याला दिसत नाही. मुलीला मी बोलावून खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, "बाईंचं नाव नका देऊ सर. मी दुसरीकडे बघते." तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. मी तिला सांगितलं की तुझ्या नावावरचा डाग धुऊन काढणं हे माझं काम आहे, त्यात तुझी परवानगी लागत नाही.

एक जबाब बाकी होता. ज्या जुन्या विद्यार्थिनीचं नाव सहा वेळा आलं होतं, ती सांताक्रूझला राहत होती. मी फोन केला. हकीकत ऐकल्यावर ती इतकंच म्हणाली, "मला बाईंना भेटायचंय." मी तिचा जबाब क्लासवरच घ्यायचं ठरवलं. सर, मुलगी, हवालदार, सगळे पुढच्या खोलीत होतो.

ती आत आली आणि बाईंनी तिला लगेच ओळखलं. वीस वर्षं झाली होती, अंगाने भरली होती, केस पांढरे झाले होते. तरी एका नजरेत.

"अगं, तू?" बाई म्हणाल्या. "किती उशीर. तुझं नाव मी कालच लिहिलं बघ."

त्या विद्यार्थिनीने वाकून नमस्कार केला आणि ती आम्हाला सांगू लागली. पहिल्या बॅचला ती एकटीच मुलगी होती. घरच्यांनी पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. बाई तिच्या घरी जाऊन आईशी बोलल्या, आणि पुढे वर्षभर रोज संध्याकाळी तिला घराच्या दारापर्यंत सोडायला गेल्या.

हे ऐकताना बाई रजिस्टरची पानं उलटत होत्या. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. त्यांनी समोरच्या पांढऱ्या केसांच्या विद्यार्थिनीकडे पाहिलं, मग या तरुण मुलीकडे, आणि शेवटी सरांकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी चुकते का हल्ली?"

सर म्हणाले, "हो. थोडंसं."

"आणि ही पेन्सिल तुमची?"

"हो."

मला वाटलं, बाई आता रडतील. त्यांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "साहेब, लिहून घ्या. नोंद माझी आहे. या मुलीने परीक्षा माझ्यासमोर दिली, त्या कोपऱ्यातल्या टेबलावर. तिचं नुकसान होता कामा नये."

जबाब हवालदारांनी तिथेच लिहून घेतला. त्या सकाळी बाईंना सगळं स्पष्ट आठवत होतं, तरी मी सरांना शेजारी बसवलं आणि पडताळणीसाठी मुलीच्या परीक्षेच्या फाइली संगणकातून काढल्या. तारखा जुळल्या. लिहून झाल्यावर मी जबाब वाचून दाखवू लागलो, तर बाईंनी तो मागून घेतला, स्वतः वाचला, आणि सही करण्याआधी हवालदारांना म्हणाल्या, "विद्यार्थिनीतली वेलांटी बघ गं. दोन्हीकडे चुकलीस." हवालदारांनी मान खाली घालून दुरुस्त केलं आणि दुरुस्तीजवळ आद्याक्षरं घातली.

मी अंधेरीला कंपनीत स्वतः गेलो. अर्जात तथ्य नाही, नोंदीतली चूक आजारपणामुळे झाली, असा अहवाल दिला. व्यवस्थापकाने सगळे कागद दोनदा वाचले. मुलीला नोकरी मिळाली, पण ज्या गटात आधी निवड झाली होती तिथली जागा भरून गेली होती. महिनाभर थांबून तिला दुसऱ्या कामावर घेतलं. एजन्सीने शेरा मारला नाही. उरलेल्या पाचही मुलांच्या नोंदी सरांनी आणि तिने बसून नीट केल्या. नंतर तिने क्लाससाठी नवी पद्धत बनवली. बाई लिहायच्या, रविवारी कोणीतरी जुना विद्यार्थी येऊन बाईंच्या शेजारी बसून तपासायचा, आणि दोघांच्या संमतीशिवाय नाव साइटवर जायचं नाही. चोरून पेन्सिल मारणं बंद झालं. ज्याने मला फोन करून खबर दिली होती, त्या दुसऱ्या क्लासवाल्यालाही मी खरं काय ते सांगितलं. तो ओशाळला. त्यानेही एक रविवार मागून घेतला.

पुढे वर्षभराने बाईंना लिहिणं जमेनासं झालं. तोवर त्या लिहीत होत्या.

नोकरीभर मी असं मानत आलो की कबुली ही समोरच्याकडून काढून घ्यायची गोष्ट असते. तिच्यासाठी आम्ही कौशल्य वापरतो, धाक दाखवतो, तासन्‌तास बसवून ठेवतो. सरांनी बाईंवरच्या मायेने त्यांच्या चुका दोन वर्षं झाकल्या, आणि मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पण बाईंना खरं कळलं तेव्हा त्यांनी पेन टाकलं नाही. त्यांनी जबाब दिला. काही माणसांना आपली चूक स्वतः सांगायची असते, तो त्यांचा मान असतो, आणि त्यांच्यावर सगळ्यात जास्त जीव असणारी माणसंच तो त्यांना देत नाहीत. हे मला कोणत्याही पोलीस प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. चारकोपच्या एका बाईंनी शिकवलं, सही करता करता.