टुफ्तेचा उघडा उतार

माझ्या बहिणीचा नवरा एम्ब्रिक टुफ्ते याची गोष्ट आमच्या खोऱ्यात अजून हसून सांगतात. जागतिक स्की स्पर्धेसाठी त्याने स्वतःचे जंगल कापले आणि स्पर्धा गेली शेजाऱ्याच्या जंगलातून. गोष्ट खरी आहे. पण एवढीच सांगितली की एम्ब्रिक मूर्ख वाटतो, आणि तो मूर्ख नव्हता. तो मत्सरी होता. मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, पण तो फरक राहून जाऊ नये असे वाटते.

ओढ्याच्या अलीकडे टुफ्तेची शेती, पलीकडे म्यूरेची. म्यूरेचा मालक गुट्टोर्म. दोघे एकाच वर्षी जन्मले, शाळेत एकाच बाकावर बसले. एम्ब्रिक शरद ऋतूपासून स्कीला मेण लावून डोंगर पालथे घालायचा. गुट्टोर्म शर्यतीच्या दिवशी गोठ्यातून थेट यायचा, भावाची स्की पायाला बांधायचा आणि एम्ब्रिकच्या पुढे निघून जायचा. शिकारीच्या दिवसांत एम्ब्रिक पहाटेपासून दलदलीत भिजत दबा धरून बसे. मूस, म्हणजे आमच्याकडचा घोड्याएवढा सांबर, मात्र गुट्टोर्मकडे जाई, तेही गुट्टोर्म झाडाला टेकून कॉफी पीत असताना.

"कॉफीच्या वासाने आला असेल बिचारा," गुट्टोर्म म्हणायचा. त्यात काही खोच नसायची. एम्ब्रिकला तेच सहन होत नसे. आपण ज्याला आयुष्यभर पाण्यात पाहिले, त्याला त्याचा पत्ताही नाही!

एम्ब्रिक आणि माझी बहीण बिर्गित यांच्या लग्नात गुट्टोर्मने फिडल, म्हणजे आमच्याकडचे व्हायोलिन, वाजवले. लोक वर्षानुवर्षे त्या वाजवण्याबद्दल बोलत राहिले. "लग्न माझं होतं की त्या फिडलचं?" एम्ब्रिक विचारायचा. बिर्गित म्हणायची, "फिडलने निदान तोंड तरी पाडलं नव्हतं."

मग बातमी आली की जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती आमच्या खोऱ्यात होणार. नदीकाठच्या सपाटीवर मैदान उभे राहायचे होते आणि तिथून निघालेला मार्ग जंगलात एक लांब, खडा चढ चढणार होता. तो चढ एक तर टुफ्तेच्या जंगलातून जाणार होता, नाही तर म्यूरेच्या. आमच्याकडे चढाला ज्या शेतातून तो जातो त्या शेताचे नाव पडते आणि मग ते जात नाही. शेत विकले गेले, माणसे मेली, तरी नाव राहते. दूरदर्शनवर साऱ्या जगासमोर एक तर टुफ्तेचा चढ म्हणणार होते, नाही तर म्यूरेचा.

एम्ब्रिकची झोप उडाली.

शरद ऋतूत मार्ग ठरवणारी बाई आली. दोन्ही उतार पायी हिंडली आणि म्हणाली, "चढ दोन्ही चांगले आहेत. मार्चमध्ये बर्फ बघते, मग सांगते."

"मार्चपर्यंत वाट कोण बघतो?" ती गेल्यावर एम्ब्रिक म्हणाला. "तिला आयती रुंद वाट दिसली, की कशाला त्या गुट्टोर्मच्या झाडीत शिरेल?"

"अरे, तुझ्या आजोबांनी राखलेली स्प्रूसची झाडं आहेत ती," बिर्गित म्हणाली.

"आजोबांना काय माहीत होतं, जग येणार आहे म्हणून!"

तो संपूर्ण हिवाळा त्याने करवत चालवली. एकट्याने. मी मदत करू का विचारले, तर म्हणाला, "तू दुधाची गाडी चालव." मला वाटते, श्रेयात वाटेकरी नको होता. स्पर्धेसाठी लागणार होती त्याच्या चौपट रुंद पट्टी त्याने ओढ्यापासून माथ्यापर्यंत उघडी केली. ओंडक्यांच्या राशी बाजूला नीट रचल्या. गुट्टोर्म एकदा ओढ्यापर्यंत आला आणि टोपी मागे सारून वर बघत राहिला.

"एम्ब्रिक, विमान उतरवतोयस का रे?"

"तू तुझं जंगल बघ."

"बघायला हवं खरं. आत वाकून जावं लागतं इतकी दाटी झालीय. बापाने विरळ करायला सांगितलं होतं. राहूनच गेलं."

एम्ब्रिक त्या रात्री जेवताना खूश होता. "वाकून जावं लागतं म्हणे," असे तो दोनदा म्हणाला.

टुफ्तेचा उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे. आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असते की दक्षिणेच्या उतारावर बर्फ टिकतो तो झाडांच्या सावलीमुळेच. एम्ब्रिकलाही ठाऊक होते. पण सगळा हिवाळा त्याचे डोळे ओढ्यापलीकडे लागलेले असत, आणि आपल्या डोक्यावर कधी नव्हे ते आकाश उघडे झाले आहे इकडे त्याचे लक्ष गेले नाही.

मार्च उजाडला, ऊन आले. उघड्या पट्टीवरचा बर्फ आधी जाड मिठासारखा झाला, मग राखाडी पडला, मग कापलेल्या खुंटांभोवती शेवाळ दिसू लागले. एम्ब्रिक कडेच्या सावलीतला बर्फ फावड्याने आणून त्यावर टाकत असे. बाई आली त्या दिवशीही त्याच्या हातात फावडे होते. तिने काठी खुपसली. काठी सरळ मातीला लागली.

"वाट सुरेख केलीय," ती म्हणाली. बहुधा मनापासूनच.

मग ती ओढा ओलांडून गेली. म्यूरेच्या काळ्याकुट्ट झाडीत बर्फ कंबरभर होता, आणि घट्ट. गुट्टोर्मला दुपारच्या झोपेतून उठवावे लागले. तो दारात उभा राहून म्हणाला, "इथून? पण इथं वाट कुठाय?"

"अरुंदशी कापू. बाकीची झाडं अशीच राहू देत. फार चांगली राखलीत तुम्ही."

हे "राखलीत" एम्ब्रिकच्या कानांवर आले तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने फावडे गोठ्याच्या भिंतीवर इतक्या जोराने मारले की दांडा मोडला.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या आधी सारे खोरे श्रमदानाला लोटले. कुणी कुंपण बांधले, कुणी सूप ढवळले. एम्ब्रिक गेला नाही. आमच्याकडे श्रमदानाला न जाणे म्हणजे बापाच्या प्रेताला खांदा न देण्यासारखे आहे. बिर्गितने त्याच्या वाटणीचेही काम केले आणि घरी येऊन त्याच्याशी बोलली नाही.

लांब शर्यतीच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. एम्ब्रिक स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसला होता. बाहेरून गलका ऐकू येत होता. खिडकीतून पाहिले तर त्याच्या उघड्या उतारावर माणसेच माणसे! तंबू, झेंडे, रेनडियरची कातडी अंथरलेली, जागोजागी शेकोट्या. आणि शेकोट्यांत त्याच्याच स्प्रूसच्या फांद्या.

तो तसाच कोट न घालता बाहेर धावला. मी मागे.

"कुणी सांगितलं तुम्हाला इथे?"

सॉसेज भाजणारी एक धिप्पाड म्हातारी म्हणाली, "सांगायला कशाला हवं? समोर बघ की. सगळ्या खोऱ्यात अशी जागा नाही. कुणी कापलं रे हे? देव त्याचं भलं करो. घे, सॉसेज घे."

एम्ब्रिकने समोर पाहिले. ओढ्यापलीकडे म्यूरेचा चढ पायथ्यापासून माथ्यापर्यंत भिंतीवरच्या चित्रासारखा उघडा दिसत होता. आदला हिवाळाभर तो तिकडेच बघत होता, पण हे त्याला दिसले नव्हते. पहिले स्कीपटू खालून वर येऊ लागले आणि "हेया! हेया!" अशी आरोळी उठली. टुफ्तेच्या उतारावर हजारो लोक होते. त्या सगळ्यांची पाठ एम्ब्रिककडे आणि डोळे गुट्टोर्मच्या जंगलाकडे.

"बघ," तो मला म्हणाला. "माझ्या जमिनीवर उभं राहून त्याला ओवाळतायत."

तेवढ्यात ओढ्याकडून धापा टाकत गुट्टोर्म वर आला. टोपी हातात, केस घामाने चिकटलेले.

"एम्ब्रिक, जागा आहे का रे एका माणसाला?"

"तुझं स्वतःचं जंगल काय झालं?"

"तिथं कुंपणाच्या पुढे मलाच सोडत नाहीत. झाडीतून चार डोकी दिसतात अन् सर्र आवाज येतो, संपलं. माझी बायको तर घरात रेडिओ ऐकतेय." त्याने समोरचा चढ पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाहिला. मग हळूच म्हणाला, "तुझं बरं आहे बाबा."

एम्ब्रिक सॉसेज तोंडाशी नेता नेता थांबला.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, तुझं बरं आहे."

"ऐकू येत नाही या गोंगाटात."

"तुझं बरं आहे!" गुट्टोर्म ओरडला. आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. कॉफीची किटली घेऊन आलेली बिर्गित हसू आवरत तिथेच उभी राहिली.

एम्ब्रिकचा चेहरा इतका खुललेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्याने सरकून शेकोटीपाशी जागा केली. पण तेवढ्यात खालच्या मैदानातून ध्वनिक्षेपक गरजला: आघाडीचे तिघे म्यूरेच्या चढाच्या माथ्यावर! हजारो गळ्यांनी ते नाव उचलले, म्यूरे, म्यूरे, आणि समोरच्या डोंगरावरून ते परत आले.

एम्ब्रिकने एक ओली फांदी उचलून शेकोटीत खुपसली. दाट पांढरा धूर निघाला आणि थेट गुट्टोर्मच्या तोंडावर गेला.

"इकडे सरकू का जरा?" गुट्टोर्म डोळे चोळत म्हणाला.

"नको," एम्ब्रिक म्हणाला. "तिथेच उभा राहा. तिथून चांगलं दिसतं."