मुके पैंजण

लग्न होऊन हुपरीला गेले तेव्हा नवऱ्यानं स्वतः केलेले पैंजण माझ्या पायात घातले. घरातच चांदीचं काम, त्यामुळे घुंगरांची कंजुषी नव्हती. मी चालले की माजघरापासून परसापर्यंत छुमछुम. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस की गं. मीही हुरळले.

मग हळूहळू कळलं. मी घरात कुठं आहे, हे त्याला आवाजावरून समजायचं. आवाज दाराशी थांबला की आतून हाक, "कुणासंग बोलत हुतीस?" उत्तर काहीही दिलं तरी हात उठायचाच. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तापट हाय, निवंल." लग्न ठरवतानाही मुलगा तापट आहे असं सांगितलं होतं, बी. ए. झालाय म्हणून कौतुकानं सांगावं तसं. 'तापट' या शब्दाची मला आजही चीड येते.

पैंजण काढून ठेवले असते तर सवाष्णीचे मोकळे पाय लगेच दिसले असते. म्हणून दुपारी तो झोपला की मी त्याच्या कामाचा चिमटा घ्यायचे आणि एखाद्या घुंगराच्या फटीतून आतला बारका मणी अलगद काढायचे. चांदीच्या धुळीत ऊन तरंगत असायचं. पैंजण दिसायला तसेच. आवाज मात्र दिवसेंदिवस विरत गेला, आणि त्याच्यासोबत मीही त्या घरातून थोडी थोडी विरतेय असं वाटायचं. त्याला पत्ता नव्हता. फक्त एकदा जेवताना म्हणाला, "पैंजण जुनं झाल्यात. उद्या नवा जोड करू."

दुसऱ्या दुपारी तो घोरत असताना मी त्याच्या उशाजवळून चालत गेले. उंबरा, गल्ली, स्टँड. कोल्हापूरची एसटी उसाच्या फडांमधून निघाली आणि मला वाटत राहिलं, मी गाडीत नाहीच, कुणीतरी मला स्वप्नात बघतंय.

आईनं दार उघडलं. माझ्या दंडावरचा काळानिळा वळ बघितला आणि काही न विचारता मला आत ओढलं.

संध्याकाळी तो आला. दाराबाहेरून गोड आवाजात हाका मारू लागला. आमच्याकडं जावई म्हणजे पावणं. त्यांना दारात तिष्ठत ठेवणं ही घराची लाज. वडील दार उघडायला उठलेच होते. आईनं त्यांना हातानं थांबवलं.

"पावणं, माघारी जावा," ती आतूनच म्हणाली, आणि दाराला पाठ लावून खाली बसली.