लेडीजच्या दारावरची मावशी

"दे इकडं लेकरू. तू पाय पिच्चर."

दोन्ही हात पुढे करून असं म्हणणारी एक बाई अमरावतीत होती. तुमच्यापैकी कोणी राजापेठेकडच्या आमच्या टॉकीजमध्ये 'लेडीज'च्या दारानं गेली असेल, तर तिनं हे ऐकलं असणारच. बायकांसाठी वेगळा जिना, वर वेगळ्या खुर्च्या आणि दारात स्टुलावर ही. तिकिटं फाडायची एवढंच तिचं काम. पण आत कोणाचं लेकरू रडलं, की ही अंधारात चाचपडत जायची आणि आईच्या मांडीवरून ते उचलून बाहेर आणायची. मालकानं असं काही सांगितलेलं नव्हतं. आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणायचो. माझीही दोन्ही पोरं तिच्या खांद्यावर लाळ गाळूनच मोठी झाली.

दर्यापूरहून एसटीनं आलेल्या बाया, बुरख्यातल्या बाया, रिकाम्या टोपल्या जिन्याखाली ठेवून आलेल्या भाजीवाल्या, साऱ्या तिथं शेजारी शेजारी बसायच्या. तीन तास कोणी पाणी मागायचं नाही, की भाकर मागायची नाही. घरी मिळतात का हो असे तीन तास? मला तर अजून मिळत नाहीत.

तिची स्वतःचीही तीन पोरं होती. एकदा मी विचारलं, "मावशी, तुमचे लेकरं कोण सांभाळते वो?"

"थे? थे बापाजवळ रडून राह्यले असतीन!" म्हणाली आणि खळखळून हसली.

तिनं स्वतः एकही पिक्चर पुरता पाहिला नव्हता. तरी नवा लागला की आम्ही तिलाच विचारायचो.

"बेकार हाये. एक लेकरू रडलं नाही."

"म्हंजे?"

"अवं, पिच्चर चांगला असला का मायचं ध्यान पडद्याकडं राह्यते, मंग लेकरू भोंगा पसरतेच. आज साऱ्या जनी लेकराकडंच पाहून राह्यल्या व्हत्या."

यावर बोला आता! मी तरी तिचं ऐकून कितीतरी पिक्चर सोडले.

मग टॉकीज बंद पडली. काही वर्षं कुलूप होतं, नंतर पाडली. तिकडे अकोल्यातही तेच, माझी बहीण फोनवर सांगायची, ही टॉकीज गेली, ती गेली. मावशी घरासमोर ओट्यावर बसू लागली. येणाऱ्याजाणाऱ्या पोरींना विचारायची, "लेकरू ठेवतं का वं माह्याजवळ घडीभर?" पोरी हसून पुढे जायच्या. "मले कोनी लेकरू देत नाही बाई आता," एवढंच तिचं दुःख होतं, आणि ते तिला आतून खात होतं. मला बघवत नव्हतं.

तिला जाऊन आता वर्ष होईल. जायच्या थोडं आधी मीच तिला मॉलमध्ये पिक्चरला नेलं होतं. म्हटलं, एक तरी बसून पाहू दे हिला. ठेवणीतलं लुगडं नेसून आली. गुबगुबीत खुर्चीत टोकाला बसली.

अर्ध्या तासात मागं कोणाचं तरी तान्हं रडायला लागलं. मी बाजूला पाहिलं तर खुर्ची रिकामी. मावशी मागच्या रांगेत पोचली होती, दोन्ही हात पुढे करून. "दे इकडं लेकरू. तू पाय पिच्चर."

ती पोरगी घाबरली. लेकराला छातीशी आवळून ओरडली, "कोण आहात तुम्ही? हात नका लावू!" तिचा नवरा उठला, चार मोबाइलचे उजेड मावशीच्या तोंडावर पडले, आणि गणवेशातल्या माणसानं तिला दंडाला धरून बाहेर नेलं. "अहो, ओळखीच्या आहेत," मी म्हणत राहिले, पण ऐकतो कोण! त्या पोरीचं तरी काय चुकलं? तिनं मावशीला कुठं पाहिलं होतं! राग कोणावर काढावा तेच मला कळेना.

मी बाहेर आले तर मावशी सरकत्या जिन्याजवळ फरशीवर बसली होती. हात मांडीत नुसते पडले होते. मी तिच्या शेजारी बसले. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं,

"उगी राह्यलं का वं थे लेकरू?"

मी निघाले तेव्हा ते टाहो फोडत होतं.

"हो मावशी. झोपलं."

"मंग बरं झालं. मायचा पिच्चर नाही बुडाला."

पदरानं तोंड पुसून ती उठली. मला मात्र उठवेना.